एस्प्रेसोचे दळण

घरी एस्प्रेसो करावयाचा असे एकदा ठरले की आपल्या घरांतून प्रथम यंत्राची चौकशी सुरू होते. किती दाबाचे, किती डॉलरांचे, दूध फेसाळण्याची नळी आहे की नाही, पत्र्याचे की प्लॅस्टिकचे. कॉफी कशावर दळावयाची हा प्रश्न सर्वांत शेवटी निघतो. पुष्कळदा निघतही नाही, दुकानातून दळलेल्या भुकटीचा डबा येतो. मग चारशे डॉलरांचे यंत्र दहा सेकंदांत एक आंबट, पाणचट द्रव कपात ओतून मोकळे होते, आणि घरातील वडील मंडळी म्हणतात की याहून आपला चहा बरा. त्यांच्या या निकालात गैर काही नाही. आमचे म्हणणे इतकेच की अशा वेळी दोष बहुधा दळणाचा असतो, यंत्राचा नव्हे. आणि हे दळण सुधारण्यास शंभर-सव्वाशे डॉलरांचे, हाताने फिरवावयाचे लहानसे जाते पुरते.

हे आम्ही बॉथेलहून लिहीत आहोत. सिएटलच्या ईशान्येस, सॅमामिश नदीच्या काठी वसलेले हे गाव, अर्धे किंग काउंटीत आणि अर्धे स्नोहोमिश काउंटीत. १९०९ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. संगणकाच्या व जैवतंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांमुळे या परिसरात भारतीय कुटुंबे पुष्कळ आली, त्यांत आपलीही आली. आठ-नऊ महिने आभाळ भरलेले आणि पाऊस झिमझिम पडणारा. कोकणातील मुसळधार नव्हे, चिवट भुरभुर. अशा हवेत माणसाला हातात काहीतरी ऊन धरावेसे वाटते, आणि या भागाने त्यासाठी कॉफी निवडली आहे. रस्त्याच्या कडेला, मोटारीतून न उतरता कॉफी घेता यावी अशा टपऱ्या येथे जागोजागी दिसतात.

या कॉफीप्रेमाचा आरंभ दाण्यांच्या विक्रीने झाला, तयार पेयाने नव्हे, ही गोष्ट आमच्या विषयाशी निगडित आहे. १९७१ साली सिएटलमध्ये स्टारबक्सचे पहिले दुकान निघाले तेव्हा तेथे भाजलेले दाणे विकत मिळत. दळणे आणि करणे ज्याचे त्याने पाहावयाचे. १९७५ साली विद्यापीठाजवळ कॅफे अलेग्रो सुरू झाले, ते शहरातील आज चालू असलेले सर्वांत जुने एस्प्रेसोगृह मानले जाते. हॉवर्ड शुल्ट्झ १९८३ साली मिलानला जाऊन आले, तेथील उभ्या उभ्या कॉफी पिण्याची तऱ्हा पाहिली, आणि १९८४ पासून स्टारबक्सच्या एका दुकानात तयार एस्प्रेसो मिळू लागला. पुढे १९ ऑक्टोबर २०१२ रोजी याच कंपनीचे पहिले भारतीय दुकान मुंबईत हॉर्निमन सर्कलला उघडले, तेव्हा इराण्याच्या चहावर वाढलेल्या मुंबईकरांनी तेथे रांगा लावल्या. दाणे विकणारे दुकान तयार पेयाचे झाले आणि घराघरांतून दळण्याची सवय गेली. तीच आता पुन्हा येऊ लागली आहे.

सिएटलमध्ये आणखी एक जुना धागा आहे. १९०२ च्या सुमारास तुर्कस्तानच्या मार्मारा भागातून पहिले सेफार्दी यहुदी येथे आले. त्यांच्या मागून ऱ्होड्स बेटावरूनही लोक आले. पाईक प्लेस बाजारात त्यांनी मासळी व भाजीपाला विकला, आपली सिनेगॉगे उभारली, आणि येताना तुर्की कॉफीची आवड बरोबर आणली. तुर्की कॉफीसाठी पितळी, नळकांडीसारखे हातजाते वापरतात, ते आपल्यापैकी पुष्कळांनी इस्रायलमध्ये पाहिले असेल. म्हणजे हाताने कॉफी दळणारे यहुदी घर या भागात नवे नाही.

आता मुद्द्याकडे वळू. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळून, दाबून बसविलेल्या कॉफीच्या थरातून कढत पाणी जोराने ढकलून काढलेला अर्क. तुरीनच्या अँजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली वाफेच्या बळावर कॉफी करण्याचे यंत्र दाखविले. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली त्यात मोठी सुधारणा केली. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाजिया यांच्या तरफेच्या यंत्राने आज आपण ज्याला एस्प्रेसो म्हणतो तो, वर तपकिरी साय धरणारा, अर्क घडविला. त्यासाठी पाण्यावर हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे नऊपट दाब लागतो. खोक्यावर 'पंधरा बार' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते ती पंपाची कमाल शक्ती होय. त्या आकड्यास भुलून अधिक पैसे देण्याचे कारण नाही.

हा दाब निर्माण कसा होतो हे नीट समजले की बाकीचे आपोआप समजते. पंप पाणी ढकलतो, पण त्यास अडवितो तो कॉफीचा थर. दळण भरड असेल तर पाणी धावत निघून जाते. दाब चढत नाही आणि अर्क आंबट व पातळ उतरतो. दळण अतिबारीक असेल तर पाणी अडून बसते, थेंब थेंब काळे कडू पाणी गळते. दळणात काही कण मोठे व काही पीठ असेल तर दोन्ही दोष एकाच कपात येतात. पेण-अलिबागकडील खाजणांचे बांध ज्यांनी पाहिले आहेत त्यांस हे निराळे सांगावयास नको. बांधाला एके ठिकाणी खांड पडली की भरतीचे सारे पाणी तेथूनच घुसते. उरलेला बांध कितीही भक्कम असो. कॉफीच्या थराचेही तसेच. जेथे तो विरळ तेथून पाणी वाट काढते, तेवढीच कॉफी पुन्हा पुन्हा धुतली जाऊन कडू होते आणि बाकीची जवळजवळ कोरडी राहते.

म्हणून मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात कॉफी फिरवून एस्प्रेसो होत नाही. पाते दाण्यास कापते, दळत नाही. जो दाणा पात्यासमोर आला त्याचे पीठ झाले, जो निसटला तो तसाच राहिला. शिवाय त्या भांड्यात कालचा गरम मसाला असतोच. दळण हवे ते दोन दातेरी पृष्ठभागांच्या मधून, ठरावीक अंतरातून, म्हणजे जात्यातून.

जात्याचे गणित आपल्या आज्या-पणज्यांस पाठ होते. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मध्ये खुंटा धरून घातलेली वैरण. वैरण फार घातली तर पीठ भरड पडते, बेताने घातली तर मऊ येते. तळ्या गुळगुळीत झाल्या की टाकी लावून घ्यावयाची. पीठ बोटांच्या चिमटीत चोळून 'अजून रवाळ आहे' असे सांगणारी बाई कुठल्याही मोजपट्टीवाचून काम करीत होती. मराठीत दळणाच्या पायऱ्यांना जेवढे शब्द आहेत तेवढे कॉफीच्या दुकानातील पाटीवर आम्हांस आढळले नाहीत: भरड, जाडसर, रवाळ, बारीक, वस्त्रगाळ. दांडा दाबून गाळण्याच्या काचेच्या भांड्याला भरड लागते. कागदाच्या गाळणीला जाडा रवा. दाक्षिणात्य पितळी फिल्टरला बारीक रवा. तुर्की कॉफीला वस्त्रगाळ. एस्प्रेसोचे दळण बारीक रवा आणि मैदा यांच्या मध्ये कोठेतरी येते. चिमटीत चोळल्यावर मैद्यासारखे निसटू नये, किंचित कचकचावे.

येथे एक सूचना. इस्रायलहून येताना पुष्कळ जण वेलदोडा घातलेली तुर्की कॉफी बरोबर आणतात. 'बोत्स', म्हणजे चिखल, या नावाने तेथे ती पेल्यातच उकळते पाणी ओतून पितात, गाळ तळाशी बसू देतात, आणि तशी ती फार चांगली लागते. पण ती वस्त्रगाळ भुकटी एस्प्रेसोच्या यंत्रात भरू नये. यंत्र तुंबते.

हाताने फिरविण्याचे कॉफीचे जाते जुने आहे. फ्रान्समधील पेजो घराण्याने १८४० पासून अशी जाती विकली. त्यांच्या मोटारी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आल्या. पण ती लाकडी पेटीची, खणाची जाती आज शोभेला बरी. एस्प्रेसोला जे हवे ते गेल्या दहा-पंधरा वर्षांत घडले. तैवान व चीनमधील कारखान्यांनी पोलादी दातेरी शंकू, दोन्ही टोकांस बेअरिंगांनी पक्का धरलेला दांडा आणि सूक्ष्म अंतर बदलणारे कडे अशी रचना थोड्या किमतीत देऊ केली. वन-झी-प्रेसो, किंगग्राइंडर, टाइममोर ही त्यांतील ठळक नावे. विजेच्या, एस्प्रेसो झेपणाऱ्या जात्यास निदान दोनशे डॉलर पडतात. सिएटल परिसरातच उदयास आलेल्या आणि २०२० साली ऑस्ट्रेलियाच्या ब्रेव्हिलने विकत घेतलेल्या बराट्झा कंपनीचे एस्प्रेसोसाठीचे साधे जातेही त्याच सुमारास मिळते. ते वाईट नाही, आणि त्याचे सुटे भाग मिळतात ही मोठीच सोय. परंतु हातजात्यात मोटारीचे पैसे वाचतात ते शंकूवर खर्च होतात; त्यामुळे अर्ध्या किमतीत त्या तोडीचे, क्वचित सरस, दळण मिळते. शिवाय पहाटे पाचला घरात तान्हे मूल झोपले असता ते जागे होत नाही.

विकत घेताना एकच प्रश्न विचारावा: एका खटक्यास तळ्यांमधील अंतर किती बदलते? कड्यावर बारीक खटके असतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. किंगग्राइंडरच्या के-६ या जात्यात एक खटका १६ मायक्रॉनांचा. वन-झी-प्रेसोच्या जे-एक्स-प्रो मध्ये १२.५ चा. एस्प्रेसोला एवढी सूक्ष्मता लागते, कारण एका खटक्याने कप भरण्याच्या वेळात काही सेकंदांचा फरक पडतो. वीस-पंचवीस डॉलरांची, चिनीमातीच्या शंकूची जाती मिळतात, त्यांचा दांडा डुगडुगतो आणि खटके फार लांब पडतात. एका खटक्यावर अर्क धावतो, पुढच्यावर यंत्र तुंबते, आणि हवे ते ठिकाण दोहोंच्या मध्ये राहून जाते. फिल्टर कॉफीस ती चालतील. एस्प्रेसोसाठी तेथे पैसे वाचवू नयेत.

यंत्राबरोबर येणाऱ्या जाळीदार वाट्यांकडेही पाहावे. स्वस्त यंत्रांबरोबर बहुधा दुहेरी तळाची वाटी येते. तिच्या खालच्या तळास एकच सूक्ष्म छिद्र असते. दळण कसेही असो, त्या छिद्रातून फेस येतो आणि एस्प्रेसो झाल्याचा भास होतो. जाते घरात आले की ती वाटी कपाटात ठेवून एकेरी तळाची वापरावी. पहिले दोन-तीन दिवस निराशा होईल, कारण आता दळणातील दोष झाकणारे कोणी राहिले नाही.

रीत अशी. एक लहान वजनकाटा घ्यावा, दशांश ग्रॅम दाखविणारा. अठरा ग्रॅम दाणे मोजावेत. जात्याचे कडे हळूहळू आवळून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांस टेकेपर्यंत न्यावे, ते शून्य. तेथून किती खटके मागे यावयाचे ते त्या जात्याच्या पत्रकात दिलेले असते. तेथून आरंभ करावा. खुर्चीत बसून जाते पोटाशी धरावे, डाव्या हाताने घट्ट, उजव्याने खुंटा संथ व सारख्या गतीने फिरवावा. बोटांत जोर न देता खांद्यातून फिरवावे म्हणजे हात भरून येत नाही. अठरा ग्रॅमांस सुमारे एक मिनिट लागते, दाणे कठीण असतील तर दीड. मग भुकटी वाटीत काढून सपाट करावी, दट्ट्याने सरळ दाबावी आणि यंत्र सुरू करून घड्याळ पाहावे. पंचवीस ते तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅमांच्या आसपास अर्क उतरला तर दळण जमले. पंधरा सेकंदांतच उतरला तर एक-दोन खटके बारीक. पन्नास लागले तर तितकेच भरड. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. खटकाही बदलला आणि वजनही बदलले तर कशाने काय झाले ते कळत नाही. सेकंदांचा हिशेब शेवटी जिभेपुढे गौण आहे. आंबट लागला तर बारीक, कडू व तुरट लागला तर भरड, इतके ध्यानात ठेवले की पुरे.

दोन लहान युक्त्या मात्र खरोखरच उपयोगी पडतात. कोरडे दाणे घासले गेले की त्यांत स्थिर वीज भरते, भुकटीच्या गुठळ्या होतात आणि ती जात्याच्या अंगास चिकटते. दळण्यापूर्वी चमच्याच्या दांड्यावर पाण्याचा एक थेंब घेऊन तो दाण्यांत ढवळावा. ही युक्ती हौशी लोकांत पूर्वीपासून होती. २०२३ साली 'मॅटर' या नियतकालिकात ओरेगन विद्यापीठाच्या क्रिस्टोफर हेंडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची शास्त्रीय कारणे मांडली. ओलाव्याने ही वीज घटते, गुठळ्या कमी होतात आणि त्याच दाण्यांतून अर्क अधिक गाढ उतरतो. दुसरी युक्ती अशी की एका बुचात तीन-चार बारीक सुया खोचून त्यांनी वाटीतील भुकटी दाबण्यापूर्वी हलक्या हाताने विंचरावी, म्हणजे बांधास खांड राहत नाही. सुया शिवणाच्या पेटीत असतातच. यासाठी तीस डॉलरांची नक्षीदार वस्तू घेण्याची आवश्यकता आम्हांस दिसत नाही.

हेंडन यांनीच काही गणितज्ञांसमवेत २०२० साली दाखविले की दळण फार बारीक नेले तर थराचा काही भाग तुंबून वाया जातो. वीस ग्रॅमांऐवजी पंधरा ग्रॅम कॉफी, किंचित भरड दळून वापरली तर रोजचा कप अधिक सारखा उतरतो आणि चौथाई दाणे वाचतात. हात दुखणाऱ्यांस हा दुहेरी लाभ आहे.

दाणे कोणते? सिएटलकडील नव्या भाजणाऱ्यांस फिकट भाजलेली कॉफी आवडते. ते दाणे दगडासारखे कठीण असतात. हातजात्यात ते दळणे म्हणजे व्यायामच, आणि एस्प्रेसो आंबटसर उतरतो. मध्यम ते गडद भाजलेले दाणे सोपे पडतात, दुधातही चव राखतात. पिशवीवर भाजल्याची तारीख छापलेली असावी; त्यानंतर आठवडाभर थांबून महिन्याभरात संपवावे. भारतीय दाणे मिळाले तर अवश्य घ्यावेत. बाबा बुदन यांनी येमेनहून सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरात पेरले अशी परंपरा आहे. आज भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक इटली असून तेथील एस्प्रेसोच्या मिश्रणांत आपली रोबस्टा पुष्कळ जाते. 'मॉन्सून्ड मलबार' हा प्रकार तर पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात दाणे पसरून, फुगवून करतात. त्यांचा आंबटपणा जवळजवळ नाहीसा होतो, आणि चवीत पावसाळ्यातील बंद कोठीचा एक वास येतो. तो सर्वांस रुचत नाही. आम्हांस रुचतो.

खर्चाचेही बोलू. दूध घातलेल्या एका कपास येथे बाहेर पाच-सहा डॉलर पडतात. तीनशे चाळीस ग्रॅमांची चांगली पिशवी अठरा डॉलरांची धरली आणि कपास सतरा ग्रॅम, तर वीस कप. म्हणजे कपास नव्वद सेंट, दूध वेगळे. नवरा-बायको दोघे कामावर जाताना रोज एक-एक कप घेत असतील तर जात्याची किंमत तीन आठवड्यांच्या आत भरून येते. यंत्राची भरून यावयास अर्थातच अधिक काळ. तरफेने हाताने दाब देण्याची साधी, विजेवाचूनची यंत्रेही मिळतात. ज्यांस दूध फेसाळावयाचे नाही त्यांनी त्यांचा विचार करावा.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला ते. हे जाते विजेवर चालत नाही, म्हणून शब्बाथलाही चालेल, अशी समजूत आमच्या कानांवर एकाहून अधिक वेळा आली आहे. ती चुकीची आहे. मिश्नातील शब्बाथ या भागाच्या सातव्या अध्यायात वर्ज्य कामांचे एकोणचाळीस प्रकार सांगितले आहेत. पेरणे, नांगरणे, कापणी, मळणी अशा ओळीत दळणे हे आठवे येते. वीज असो वा नसो, दळणे हेच वर्ज्य. ज्यांच्या पूर्वजांना कोकणात घाणा शनिवारी बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' हे नाव पडले, त्यांना हे पटवून देण्याची गरज पडू नये. घाण्यास वीज नव्हती, बैल होता. आणि दळणाचे मोल आपल्या धर्माने कमी लेखले आहे असे कोणी समजू नये. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात, कर्जापोटी कोणाचे जाते किंवा त्याची वरची तळीसुद्धा तारण म्हणून उचलून नेण्यास मनाई आहे. कारण दळण थांबले की त्या घराची चूल थांबते. सहा दिवस ज्याच्यावर घराचा प्राण अवलंबून, तेच सातव्या दिवशी स्वस्थ बसवावयाचे आहे.

तेव्हा शब्बाथला एस्प्रेसो नाही. शुक्रवारी दळून ठेवलेली भुकटी दुसऱ्या दिवशी निर्जीव होते, आणि यंत्र तर लावावयाचेच नसते. यावर उपाय दक्षिणेकडील शेजाऱ्यांनी शिकविला आहे. त्याच जात्यावर, खटके बरेच मागे घेऊन, बारीक रव्यासारखे दळावे. पितळी फिल्टरमध्ये घट्ट काढा शुक्रवारी दुपारीच उतरवून बाटलीत ठेवावा. शब्बाथला आधीपासून गरम ठेवलेले पाणी एका पेल्यात, तेथून दुसऱ्या पेल्यात घेऊन मग त्यात हा काढा ओततात. अशा रीतीस पुष्कळ रब्बी मान्यता देतात. तरी प्रत्येकाने आपापल्या रब्बींस विचारूनच करावे, विशेषतः दूध घालावयाचे असल्यास. सणांच्या दिवशीच्या दळणाचे नियम निराळे आहेत, तेही त्यांनाच विचारावेत. पेसाहसाठी चिकोरी मिसळलेली किंवा कृत्रिम वास लावलेली कॉफी टाळावी, आणि जाते वर्षभर केवळ कॉफीसाठीच राखावे. त्यात मिरी-धणे दळू नयेत. ते साफ करण्यास कोरडा कुंचला पुरतो. पाण्याने धुतले तर बेअरिंगे गंजतात.

इतर दिवशी मात्र एस्प्रेसोचा आपल्या घरांस एक खास उपयोग आहे. नारळाच्या दुधातले मटण झाल्यावर पाहुण्यांस दुधाचा चहा देता येत नाही. कोऱ्या चहाने त्यांचे समाधान होत नाही. तेथे छोट्या कपातील काळा एस्प्रेसो पंगतीची सांगता उत्तम करतो. मात्र मांसाच्या जेवणानंतर द्यावयाचे कप व चमचे दुधाच्या भांड्यांतले नसावेत, हे सुज्ञ गृहिणीस सांगणे नलगे.

हातजात्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सहा पाहुणे आले तर सहा वेळा दळावे लागते. तिसऱ्या कपानंतर यजमानाचा उत्साह ओसरतो. संधिवात असलेल्यांनी, मनगट वा अंगठा दुखणाऱ्यांनी हे जाते घेऊ नये. त्यांना विजेचेच बरे. खुंटा काढून तेथे भोके पाडण्याचे यंत्र जोडणारे महाभागही आहेत. त्याने दांडा व बेअरिंगे बिघडण्याचा संभव असतो, म्हणून आम्ही शिफारस करीत नाही.

पण ज्यांचे हात धड आहेत अशा वडील मंडळींस हे काम आवडते, असा आमचा अनुभव आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांस बॉथेलसारख्या गावी करण्यासारखे थोडे असते. मोटार चालविता येत नाही, पाऊस बाहेर पडू देत नाही, आणि भांडी यंत्र घासते. अशा घरांतून सकाळचे दळण आजोबांकडे किंवा आजीकडे गेलेले आम्ही पाहिले आहे. कालच्यापेक्षा एक खटका पुढे घ्यावयाचा की नाही यावर सुनेशी चर्चा होते, आणि पुष्कळदा चिमटीत भुकटी चोळून पाहणाऱ्या आजींचाच अंदाज खरा ठरतो.

हिवाळ्यात तर शुक्रवारचे दळण त्यांच्याकडेच राहते. डिसेंबरच्या मध्यास येथे सूर्य चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो; शब्बाथचे दिवे चारच्या आसपास लागतात, आणि तोवर कामावरची माणसे महामार्गावर अडकलेली असतात. काढा उतरण्यास दोन-तीन तास लागतात हे धरून दुपारी बाराच्या आत दळून घ्यावे. जूनमध्ये सूर्य नवानंतर मावळतो, तेव्हा संध्याकाळी घरी आलेल्यांनी दळले तरी चालते.